शेवटी बसणारी माती

"उंबराकडं पाठ करा," मामंजी ओरडून सांगत होते. "अशी. आता डाव्या हाताला चला. आनखी. आनखी. हां, थांबा. घर हितंच व्हतं. खणा."

मी गेळमाळला पोचले तेव्हा दुपार झाली होती. मामंजी म्हणजे माझे सासरे. कमरेपर्यंत चिखलानं भरलेले, अंगावर नुसती बंडी, डोक्याला काही नाही. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना मुंडाशाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. वाडीतली सगळी माणसं फावडी, टिकाव, पाट्या घेऊन ते बोट दाखवतील तिथं तुटून पडत होती. माझा नवरा त्या चिखलाखाली होता.

पहाटे डोंगर सुटला होता. वाडी पलीकडच्या सोंडेवर, तिला धक्का लागला नाही. आमचं घर तेवढं वेगळं, मोठ्या कातळाच्या आडोशाला, देवीच्या उंबराजवळ. डोंगरआईची पूजा पिढ्यानपिढ्या आमच्याकडे, म्हणून. मामंजी रोजच्यासारखे उजाडायच्या आत उंबराशी दिवा लावायला गेले होते. सुदाम घरात झोपलेला. मी कामाच्या निमित्तानं जिल्ह्याच्या गावी. आवाज झाला, पायाखालची जमीन थरथरली, आणि मामंजींनी डोळे गच्च मिटून उंबराला मिठी मारली. डोळे उघडले तेव्हा उंबर उभा होता, बुंध्याशी देवीचा तांदळा, तो शेंदूर लावलेला दगड, होता, आणि बाकी काहीच उरलं नव्हतं.

"आईनं मला धरलं," येईल त्याला ते सांगत. "समदं गेलं, पर आई जागची हलली न्हाई."

लोक उंबराला हात जोडत आणि खणायला लागत. धुकं इतकं दाट होतं की वरचा डोंगर दिसत नव्हता आणि खालची भाताची खाचरंही दिसत नव्हती. ओळखीचं म्हणावं असं त्या सगळ्या राड्यात एक झाड राहिलं होतं. जो तो त्याच्यावरून अंदाज बांधत होता. मी तरी वेगळं काय केलं? चपला फेकल्या, पदर खोचला आणि मामंजींनी दाखवलेल्या जागी दोन्ही हातांनी उकरायला लागले.

"सुदाम! सुदाम रे!"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्यासमोर तर नाहीच. मामंजींनी माझ्याकडं वळून पाहिलं आणि तेही तशीच हाक मारायला लागले. चिखल पातळ होता. एक पाटी काढावी तर दोन पाट्या आत घसरत. दगड लागला की काळजात धस्स व्हायचं, भांडं लागलं असं वाटायचं, पण दगडच असायचा.

संध्याकाळी पाऊस थांबला. सगळे म्हणाले, देवाची कृपा. तहसिलातून आलेल्या साहेबांनी मात्र काम बंद करायला लावलं. वरून अजून धोंडे सुटत होते आणि अंधारात कुणाचा जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चुकत नव्हतं, पण मी त्यांना नाही नाही ते बोलले. आईवरून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि उद्या सकाळी पोकलेन येईल एवढंच सांगितलं.

ती रात्र मी वाडीतल्या शाळेच्या ओसरीवर बसून काढली. कुणी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. सुदामचा चेहरा आठवायला जावं तर आठवेना, आणि आठवत काय होतं तर लोणच्याची बरणी.

मी मातीच्या सर्वेक्षणात काम करते. म्हणजे जागोजागी माणूस उभा राहील असा खड्डा घ्यायचा, त्याची एक भिंत खुरप्यानं नीट तासायची आणि थर बघायचे. सगळ्यात वर मुळांची, पाल्यापाचोळ्यावर पोसलेली काळसर माती. तिच्याखाली तांबूस घट्ट माती. मग मुरूम, मग नखानं चुरडणारा मऊ दगड, मांजऱ्या, आणि तळाला कातळ. कातळ झिजून खालून माती होत येते, पाला कुजून वरून तिच्यात मुरतो, आणि अशी ती सावकाश घडत राहते. रंग बघायचा, ओली करून बोटांत वळून बघायची, कधी चिमूटभर दाताखाली घेऊन रेती किती ते बघायचं. सुदामला याचं भारी हसू यायचं.

"आबांना सांगू का," तो म्हणायचा, "सूनबाई माती खातीय, डोहाळे लागलेत म्हणून?"

आमच्या लग्नानंतरचं पहिलंच वर्ष असेल. माती ती माती, त्यात एवढं शिकण्यासारखं काय, यावर आमचं भांडण जुंपलं. मी लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तिच्यात अंगणातली मूठभर माती आणि पाणी घातलं, खळखळून हलवली आणि खिडकीत ठेवली. आमच्या डोळ्यांदेखत वाळू तळाला बसली. भाकऱ्या होईस्तोवर तिच्यावर पोयटा, म्हणजे बारीक गाळ, बसला. वरचं पाणी मात्र गढूळच राहिलं.

"ही का बसंना?"

"ती चिकणमाती. तिला घाई नाही. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसते. रात्रभर लागेल तिला."

"म्हणजे तुझ्यासारखी. सगळ्यांचं जेवण झाल्याबिगर पानावर बसायची नाही."

सकाळी पाणी नितळ झालं होतं आणि सर्वांत वर सायीसारखा गुळगुळीत थर आला होता. मी कौतुकानं दाखवायला गेले, तर या पठ्ठ्यानं बरणीत बोट घालून त्या सायीवर रेघ ओढली. मी त्याच्या हातावर फटका मारला.

"मोडलास ना थर!"

"बसंल की परत."

"सगळं ढवळलंस तर बसेल. नुसती रेघ ओढलीस तर रेघ तशीच राहते."

त्यानं दिवसभर ती बरणी हलू दिली नाही. येईल-जाईल त्याला आपली रेघ दाखवत होता.

सकाळी पोकलेन आलं. खालच्या कच्च्या रस्त्यानं त्याला वर चढवायला उंबराच्या पायथ्याशी उतार कापावा लागला. मी मागोमाग होते. यंत्राचं बकेट बाजूला झालं आणि कापलेल्या दरडीचा उभा छेद समोर आला, माझ्या डोक्याएवढा उंच. आदल्या दिवशी सगळा नुसता रबरबाट होता, उभी भिंत म्हणून कुठं दिसलीच नव्हती. माझ्या हातात कुणाचा तरी विळा होता. मी सवयीनंच ती भिंत तासायला लागले.

वरच्या भागात उंबराची तांबूस माती होती, मुळांनी घट्ट बांधलेली. तिच्याखाली मुरूम यायला हवा होता. तिथं निळसर करड्या गाळाचा एक पट्टा निघाला, वरच्या ओझ्यानं चेपलेला, आणि त्यात हिरवं काहीतरी आडवं पडलेलं. त्याच्याखाली चिखलणीनं घट्ट झालेली जमीन लागली, खाचराच्या तळाला असते तशी. मी ते हिरवं ओढून काढलं. भाताची रोपं होती.

जमिनीला माथा एकच असतो. इथं एका माथ्यावर दुसरा माथा येऊन बसला होता. उंबर मुळांसकट, अख्ख्या ढेकळासकट, मामंजींसकट उभ्याउभ्या घसरत आला होता आणि कुणाच्या तरी खाचरात येऊन थांबला होता. त्याच्या डाव्या हाताला आमचं घर नव्हतंच. काल अख्खा दिवस आम्ही भलतीकडंच खणलं होतं.

"थांबवा!" मी ओरडले. "मशीन थांबवा! घर इथं नाही!"

मामंजी धावत आले. "काय झालं? घावला?"

"मामंजी, उंबर हललाय. वरून खाली आलाय. घर कातळापाशी वरच राहिलं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. भोवती वाडीची माणसं जमली.

"द्वारके," ते हळू आवाजात म्हणाले, "सून हायेस म्हून ऐकून घेतो. आई हलली म्हंतीस? मी मिठी मारून व्हतो तिला. मला कळलं नसतं?"

"तुम्ही डोळे मिटले होते. काळोख होता. जमीन तुमच्यासकट चालली, मामंजी."

"तोंड आवर."

"नाही आवरणार. तुमची आई, पण माझा नवरा आहे तो!"

हे बोलले आणि मलाच रडू फुटलं. त्या माणसाचं सगळं गेलं होतं. घर गेलं, गोठा गेला, पोरगा सापडत नव्हता. देवी जागची हलली नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते कालपासून उभे होते आणि ती मी काढून घेत होते. माझ्याकडं दुसरा इलाज नव्हता. वाद घालायलाही वेळ नव्हता. मी रोपं त्यांच्या हातात कोंबली.

"तुमच्या उंबराच्या मुळांखालून काढलीत. बघा. ओळखा तुम्हीच."

त्यांनी रोपं वळवून पाहिली. चिखल अंगठ्यानं पुसला. रोपांचे बुडखे जांभळट होते, म्हणजे काळभात. काळभात गेळमाळात दुसरं कुणीच लावत नाही. आमच्या सगळ्यांत तळच्या खाचरात एका कोपऱ्यात मामंजी तेवढा लावायचे, देवीच्या नैवेद्यापुरता. यंदाची आवणी त्यांनी आणि सुदामनं मिळूनच केली होती.

"हे तळच्या खाचरातलं," ते म्हणाले.

मग त्यांनी मान वर करून धुक्यात पाहिलं. तळचं खाचर घरापासून किती खाली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते मटकन खाली बसले.

"म्हंजी काल दिसभर... मी दावलं म्हून समद्यांनी हितं खणलं. व्हय गं?" त्यांनी माझं मनगट धरलं. "आन् त्यो तिकडं जित्ता आसंल तर?"

"म्हणून तर उठा," मी म्हटलं.

पोकलेनला वर जायला एकच पट्टा घट्ट होता आणि त्या पट्ट्यावर उंबर उभा होता. दोन्ही अंगांना दलदल. पोकलेनवाला काही त्या झाडाला हात लावेना. पोरंबाळं आहेत, म्हणाला, देवीच्या झाडावर मशीन घालणार नाही. साहेबांनी सांगून पाहिलं, मी हात जोडले. तेवढ्यात मामंजी उठले. बुंध्याशी जाऊन त्यांनी तांदळा दोन्ही हातांनी हलवून सोडवला, पोटाशी धरून बाजूच्या दगडावर नेऊन ठेवला आणि अंगातली बंडी काढून त्याच्यावर पांघरली.

"पाड आता," ते म्हणाले. "आता ते नुसतं झाड हाय."

उंबर पडताना त्यांनी तिकडं पाहिलं नाही. ते आणि मी पुढं होऊन उतार चढायला लागलो होतो.

वर जागा शोधायची कशी हा प्रश्न होता. सगळीकडं सारखाच लाल-पिवळा राडा, कातळही त्यात गाडलेला, कुठलाच थर ठिकाणावर नाही. मी घसरणीच्या कडेकडेनं चालत राहिले, जिथं तुटलेली जमीन अजून शाबूत होती तिथून. एका जागी कडेच्या मातीतून तुटक्या मुळांचे जाड शेंडे बाहेर लोंबत होते. मी एकावर विळा मारला. पांढरा चीक आला.

"मामंजी, उंबराचीच ना?"

त्यांनी हात लावून पाहिला आणि जोरात मान हलवली. उंबर इथं होता तर! त्यांनी त्या मुळांकडं पाठ केली, डावीकडं तोंड केलं आणि कालच्यासारखीच वाट दाखवली, फक्त या वेळी नुसत्या हातानं. मीच ओरडून सांगितलं. पोकलेननं वरचा ढीग बाजूला ओढला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग बकेटमधून ढेकळांबरोबर एक चपटा तुकडा घरंगळत आला आणि मी किंचाळून मशीन थांबवलं.

ती आमची ओटी होती. शेणानं सारवलेल्या जमिनीचा तुकडा, पापुद्र्यावर पापुद्रा. वरचे माझ्या हातचे, त्याखालचे माझ्या सासूच्या हातचे. त्या जमिनीवर मी इतकी वर्षं गुडघ्यांवर बसून हात फिरवला होता, मला ती अंधारातही कळली असती.

पुढं सगळं हातानं केलं. कातळानं भिंतीचा एक कोपरा वाचवला होता. आढं तिरकं होऊन कणगीवर टेकलेलं आणि त्याच्याखाली दोघं-तिघं दाटीवाटीनं मावतील एवढी पोकळी राहिलेली. तोंड अरुंद, एका वेळी एकालाच आत शिरता येणार होतं. साहेब नको म्हणाले, मी ऐकलं नाही.

सुदाम एका कुशीवर होता. कमरेच्या खाली भिंत पडलेली. मी त्याच्या गालाला हात लावला. गार होता, पण त्या ओल्या मातीत सगळंच गार होतं. मी हाका मारल्या. मग डॉक्टरांना जागा करून दिली. आरोग्य केंद्रातून आलेला तरुण मुलगा, तो आत वाकला, मनगट धरलं, गळ्याशी बोटं लावली आणि बराच वेळ तसाच राहिला. बाहेर येऊन त्यानं नुसती मान हलवली. मी परत आत गेले. मला कुणी अडवलं नाही.

तेव्हा मला परात दिसली. माझी भाकरीची परात, सुदामच्या हाताशी. वरच्या फटीतून गळणाऱ्या पाण्यानं ती अर्धी भरली होती. पाऊस आदल्या संध्याकाळी थांबला तसं गळणंही थांबलं असणार, कारण पाणी नितळ होतं, अगदी तळ दिसेल असं. तळाला माती बसली होती. मी बोटानं कडेची चाचपली. खाली वाळू, वर पोयटा, आणि सगळ्यात वर ती साय.

त्या सायीवर चार बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या. कडा स्वच्छ, आतल्या पोयट्यापर्यंत गेलेल्या, कुठंही भरून न आलेल्या. पाणी प्यायला हात बुडवावा आणि शक्ती नसल्यामुळं तो तळाला टेकावा, तशा.

आदल्या दिवशी त्यानं हात घातला असता तर रात्री बसलेल्या मातीनं रेघा झाकून टाकल्या असत्या. त्या उघड्या होत्या. रात्र उलटून साय धरल्यावर, म्हणजे त्याच दिवशी सकाळी, सुदाम जिवंत होता. त्याला तहान लागली होती. आणि काल दिवसभर, तो श्वास घेत असताना, आम्ही खाली तळच्या खाचरात त्याच्या नावानं ओरडत होतो.

मी तिथंच बसून राहिले.

"द्वारके." मामंजी पोकळीच्या तोंडाशी आले होते. ते वाकून आत येत होते. मातीची थोडी ओळख त्यांनाही होती; सुदाम दिवसभर ती बरणी दाखवत फिरला, तेव्हा सर्वांत आधी त्यानं आपल्या आबांनाच दाखवली होती.

मी परातीत हात घातला आणि ढवळलं. दोनदा, तीनदा, तळापर्यंत. पाणी लाल झालं.

मामंजी गेल्या साली गेले, म्हणून आज हे सांगता येतं. मधल्या एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी नवं घर बांधलं, नवा उंबर लावला, एका ताटात जेवलो म्हटलं तरी चालेल. या गोष्टीवर आमच्यात पुन्हा अक्षरही निघालं नाही.

त्या दिवशी ते आत आले. लेकाच्या डोक्याशी बसले, त्याच्या केसांतली माती बोटांनी वेचायला लागले.

"लगीच गेला का गं त्यो?" त्यांनी विचारलं.

"हो मामंजी. लगेच. झोपेतच. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

त्यांनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष सुदामच्या उजव्या हाताकडं गेलं. बोटांच्या टोकांवर ती सायीसारखी माती वाळून फिकट झाली होती. ती पुसायचं मला सुचलं नव्हतं. तिथून त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, तो मनगटापर्यंत ओला होता आणि त्याच्यावरून थेंब गळत होते. मग परातीकडं पाहिलं. पाणी अजून फिरत होतं.

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं एकेक बोट पुसलं. त्यानंतर लेकाची बोटंही तशीच पुसली. मग परात उचलली, सांभाळून बाहेर नेली, आणि पाणी स्थिर व्हायच्या आत उतारावर ओतून दिली.